दहा बोटं, १०२४ खण

हॅश टेबल आपण सगळे कॉलेजात शिकतो. पण त्याचा एक झकास नमुना १८९७ साली कलकत्त्याच्या पोलीस कचेरीतल्या कपाटात होता, हे तिथे कोणी सांगत नाही!

बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना गुन्हेगारांच्या बोटांचे ठसे जमवायचे होते. जमवणं सोपं हो, पण हजारो कागदांतून हवा तो शोधायचा कसा? हे कोडं सोडवलं गणित शिकलेल्या अझीझुल हक या फौजदारानं. जोडीला हेमचंद्र बोस. आपल्या आज्या बोटावर 'चक्र' बघायच्या ना, तेच. चक्र असेल तर गुण, नाहीतर शून्य. बोटांच्या पाच जोड्या, त्यांचे गुण १६, ८, ४, २, १. ओळखीचं वाटतंय? सरळ बायनरी! दहा बोटं म्हणजे दहा बिट, ३२ गुणिले ३२ म्हणजे १०२४ खण. दोन बेरजा केल्या की खण सापडला.

हेन्री १९०१ मध्ये स्कॉटलंड यार्डात गेले आणि पद्धतीला नाव पडलं 'हेन्री पद्धत'. हक खानबहादूर झाले, बोस रायबहादूर. असो.

श्रेयापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे, या खणांत कागद कोणाचे? १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्यानं नोंदलेल्या माणसाचे ठसे केव्हाही घ्यायची मुभा दिली. आपल्याकडचे पारधी, कैकाडी त्यात आले. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते 'विमुक्त' झाले, पण शिक्का अजून पुरता पुसलेला नाही.

म्हणजे बघा, अल्गोरिदममध्ये बग नव्हता. अन्याय इनपुटमध्येच होता.

लिनेट टेलर या संशोधक बाईंनी २०१७ च्या लेखात 'डेटा न्याया'चे तीन खांब सांगितले: दिसण्याचा आणि न दिसण्याचाही हक्क, तंत्रज्ञान वापरायचं की नाही हे ठरवायची मोकळीक, आणि भेदभावाला आव्हान देता येणं. पारध्यांना यातलं एकही नव्हतं.

२०१० मध्ये नंदुरबारच्या टेंभली गावातून आधारची सुरुवात झाली. पुढे ठसा रेशनच्या दुकानातही आला. राबून बोटं झिजलेल्या माणसाला मशीन ओळखत नाही. पूर्वी ठसा जुळला की माणूस अडकायचा, आता न जुळल्यानं अडतो.

मंडळी, डेटाबेसचा स्कीमा आपणच लिहितो. पुढच्या वेळी एवढं विचारूया: या टेबलातल्या माणसाला स्वतःची नोंद बघता, सुधारता, पुसता येईल का?