हडळ कुठून आली?

ऑक्टोबर सरत आला की हल्ली पोरांच्या मोबाईलवर दात विचकणारे भोपळे दिसायला लागतात. ३१ ऑक्टोबरचा हा हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी आटोपून थंडी लागताना मेलेली माणसं घराकडे फिरकतात, ही तिथली जुनी समजूत. तिकडून गेलेल्या लोकांनी तो सण अमेरिकेत नेला. आपली सर्वपित्री त्याच्या थोडी आधी होऊन जाते.

पण भुताच्या गोष्टींचा आपला हंगाम पावसाळा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भिंती भिजू नयेत म्हणून पूर्वी घराला गवताच्या झडपा बांधत, त्यामुळं आत दिवसाही अंधार. लावणी झाली की चुलीपाशी बसायचं आणि म्हातारीनं सुरू करायचं. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, रानात चकवा. धुक्यात वाट चुकून जी तीनदा त्याच झाडापाशी आली, तिला चकवा समजावून सांगावा लागत नाही! पोरं डोहाकडं जाऊ नयेत, तिन्हीसांजेला रानात रेंगाळू नयेत, एवढं काम या गोष्टी चोख करायच्या.

इंग्रजी अमदानीत जॅक्सन नावाच्या अधिकाऱ्यानं असल्या समजुती गावोगावच्या शाळामास्तरांकडून लिहून मागवल्या. १९०९ साली नाशिकला कलेक्टर असताना अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळी घातली. त्याचे कागद एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्यानं पुढं छापले. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. लिहिणारे सगळे मास्तर, पण त्यांना सांगणाऱ्या घरातल्या आया-आज्याच असणार, असं मला वाटतं.

त्यातली हडळ बघा. समोरून देखणी, पाठीमागून पोकळ. आणि ती होते कोण? बाळंतपणात किंवा बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत मेलेली बाई. अळवंतीणही तसलीच. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा. ज्यांचं आयुष्य अर्धवट तुटलं, तीच आपली भुतं.

आमच्या भागात दवाखाना लांब. कांदाटी खोऱ्यातून अडलेल्या बाईला झोळीत घालून धरणाच्या पाण्यापर्यंत आणायचं, पुढं लाँचनं तापोळ्याला. धरणाआधी तर सगळं पायीच. एकदा बचतगटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर गोष्टी निघाल्या. एका आजीनं झऱ्यावरच्या हडळीची गोष्ट रंगवून सांगितली. मी विचारलं, "आजी, ती होती कुणाची कोण?" आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझ्या सासूची धाकटी जाऊ. दोन दिवस अडली होती." बैठकीत कुणालाच त्या बाईचं नाव माहीत नव्हतं, झरा मात्र सगळ्यांना ठाऊक होता.

गोष्ट रंगवून सांगायला माझी ना नाही, मलाही आवडते. पण जिवंत बाईकडं बोट दाखवून "ही करणी करते" म्हणणं ही गोष्ट नव्हे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो त्यांच्या खुनानंतर २०१३ सालीच झाला. एखादीवर करणी-चेटकाचा आळ घेऊन तिला छळणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. असं कुठं दिसलं तर पोलीस ठाण्यात एकटीनं जाऊ नका, गट मिळून जा.

आमच्या गटानं आता वहीची मागची पानं या गोष्टींना दिली आहेत. गोष्टीपुढं बाईचं नाव लिहायचं, आठवलं तर माहेरही. आतापर्यंत दोन नावं सापडली आहेत.