नोकर वऱ्हाडी का बोलतो?

शेगावात कॉलेजला असताना मी एक विनोदी नाटुकलं लिहिलं होतं. गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी तीन छोटी विनोदी नाटकं व्हायची, एकामागून एक, प्रत्येकी वीस-पंचवीस मिनिटांची. मधलं माझं होतं. गोष्ट अगदी साधी. एका बंगल्यात मुलगी बघायला पाहुणे येतात, सगळा घोळ होतो आणि त्या घोळाच्या मुळाशी असतो घरातला नोकर. साहेब, बाईसाहेब, मुलगी, पाहुणे सगळे पुस्तकात छापतात तसं मराठी बोलायचे. नोकर वऱ्हाडी बोलायचा. असं का, हा प्रश्न लिहिताना मला पडलाच नाही. नोकर असाच बोलतो, एवढं मला माहीत होतं.

नोकराचं काम माझ्या रूममेटनं केलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मले काय मालूम, सायेब?" त्यात विनोद नव्हता. मी तो लिहिलाच नव्हता, ते नुसतं प्रवेश करतानाचं वाक्य होतं. पण हॉल फुटला. शिट्ट्या, टाळ्या, मागच्या बाकांवर पोरं आडवी झालेली. हसणाऱ्यांत पुण्या-नाशिकची पोरं होती तशी अकोट, बाळापूर, नांदुऱ्याचीही होती. म्हणजे सुट्टीत घरी गेल्यावर जी स्वतः "मले" म्हणणार, तीच पोरं.

रूममेटचे वडील त्या दिवशी गावाहून आले होते. दर्शन घेतलं, मग पोराचं नाटक बघायला थांबले. रात्री आम्ही स्टेशनजवळ कचोरी खात उभे होतो. नाटक कसं वाटलं, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "चांगलं होतं बेटा. पण मले एक सांग, हा आला अन् बोलला का सारे हासत. हे तं मी रोज बोलतो. हासले काहून थे?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते देण्यासारखं नसणार. पुढे नोकरीला लागल्यावर, रात्री मोबाइलवर जुनी पुस्तकं चाळायची सवय लागली तेव्हा, हा प्रश्न परत वर आला. रंगमंचावर नोकर वऱ्हाडी (किंवा मालवणी, किंवा कोल्हापुरी) बोलणार आणि मालक शुद्ध, हे ठरवलं कुणी?

शोधत गेलं की गोष्ट फार मागे जाते. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो. त्याचा मित्र विदूषक जातीनं ब्राह्मण, पण बोलतो प्राकृत. बायका प्राकृत बोलतात, नोकरचाकर प्राकृत बोलतात. कोणी कुठली भाषा बोलायची हे त्याच्या पायरीवरून ठरलेलं. 'मृच्छकटिका'त तर प्राकृतांचे इतके प्रकार आहेत की कान दिला तरी कोण कुठल्या थरातला ते कळावं. आणि यात आपल्यासाठी एक गंमत आहे. नाटकातल्या बायकांनी गायच्या पद्यांसाठी जी भाषा वापरायची पद्धत होती ती महाराष्ट्री, म्हणजे आपल्या मराठीची आजी. आज जी मराठी बंगल्यात राहते, तिची आजी तेव्हा राजाच्या तोंडी शोभत नव्हती.

प्रहसन हा शब्दही तिकडचाच. सातव्या शतकात पल्लव राजा महेंद्रवर्म्यानं 'मत्तविलास' लिहिलं. नशेत असलेला एक कापालिक आपलं भिक्षेचं कवटीपात्र हरवतो आणि एका बौद्ध भिक्षूवर चोरीचा आळ घेतो. शेवटी कळतं की पात्र कुत्र्यानं पळवलेलं होतं. राजानं धर्मपंथांच्या दांभिकपणावर लिहिलेलं हे प्रहसन आजच्या कुठल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये होईल की नाही, याची मला शंका आहे.

मराठी रंगभूमीचा वाढदिवस आपण ५ नोव्हेंबरला साजरा करतो, कारण १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. त्या धाटणीच्या नाटकांत विदूषक झाडपाला अंगाला बांधून उड्या मारत यायचा आणि राक्षस आरडाओरडा करत. त्या आरोळ्यांवरून पुढच्या पिढीनं या नाटकांना 'अलल डुर्र' असं नावच पाडलं. पण शेवटी छोटं विनोदी नाटक लावायची चाल आली ती मुंबईहून. ग्रँट रोडच्या थिएटरात इंग्रजी नाटकं व्हायची, मोठ्या नाटकानंतर एक फार्स असायचा. १८५३ साली पारशी मंडळींनी तिथं रुस्तम-सोहराबचं नाटक केलं आणि त्याला 'धनजी गरक' नावाचा फार्स जोडला. पुढच्या काही वर्षांत एल्फिन्स्टन कॉलेजच्या पोरांनी नाटक क्लब काढला आणि शेक्सपिअर करायला लागली. कॉलेजातल्या पोरांनी एकत्र येऊन नाटक बसवायचं, हे आपल्याकडे सुरू झालं ते साधारण तिथून. आपण गॅदरिंगला जे करतो त्याचं वय दीडशे वर्षांच्या पुढे आहे.

मराठी कंपन्यांनी फार्स उचलला, पण स्वतःच्या पद्धतीनं. सुरुवातीला मराठीत फार्स म्हणजे विनोदी असंच नव्हतं. पौराणिक आख्यानाला जोडून केलेलं गद्य, छोटं नाटक म्हणजे फार्स. त्यामुळे अफझलखानाच्या मृत्यूचा फार्स होता, नारायणराव पेशव्यांचा फार्सही होता. "काका, मला वाचवा" म्हणणाऱ्या पोराचा फार्स! शब्द आयात झाला, अर्थ बंदरात राहिला. आणि या गद्य तुकड्यांत पहिल्यांदा माणसं घरात, बाजारात बोलतात तसं रंगमंचावर बोलायला लागली. विनोद पुढे त्याच दारानं आत आला आणि येताना मालकाची भाषा वेगळी, नोकराची वेगळी हा जुना हिशेबही घेऊन आला.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो.

शेगावहून उत्तरेला निघालं की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद लागतं. (खानदेशातलं जळगाव वेगळं. हे सांगावं लागतं.) तिथं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक वकील राहत होते, श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले, १८९७ साली एलएलबी झालेले, आधी अकोल्याला आणि मग जळगाव जामोदला वकिली केलेले. 'बहु असोत सुंदर' हे महाराष्ट्रगीत त्यांचं, म्हणून नाव ऐकलेलं असतं. पण मराठी गद्यातल्या विनोदाचा पाया घातला तो याच माणसानं, हे मला कॉलेज सुटल्यावर कळलं. मी चार वर्षं शेगावात काढली, विनोदी नाटकं केली, आणि तिथून बसनं जाऊन येण्यासारख्या गावात मराठी विनोदाचा मूळपुरुष बसलेला होता हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

'वीरतनय' (१८९६), 'मूकनायक' (१९०१) अशी त्यांची संगीत नाटकं किर्लोस्कर कंपनीनं केली. ती आज वाचताना दमछाक होते. वेषांतरं, गुपितं, कोट्या, पारशी चालींची पदं. खरा माल आहे तो 'सुदाम्याच्या पोह्यां'त. १९०२ मध्ये 'विविधज्ञानविस्तार' मासिकात 'साक्षीदार' हा लेख आला आणि मग असे लेख येतच राहिले. १९१० साली अठरा लेखांचं पुस्तक निघालं, 'अठरा धान्यांचे कडबोळे'. १९२३ पर्यंत लेख बत्तीस झाले, म्हणून 'साहित्यबत्तिशी'. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघं मित्र सण, लग्नं, मुहूर्त, सोवळंओवळं अशा एकेका चालीरीतीचं समर्थन करायला उभे राहतात आणि इतक्या निष्ठेनं समर्थन करतात की ती चाल उघडी पडते.

मी हे लेख एका विशिष्ट हेतूनं वाचत होतो. वकील माणूस, वऱ्हाडातलं कोर्ट. समोर उभा राहणारा पक्षकार, साक्षीदार, पट्टेवाला रोज वऱ्हाडीच बोलत असणार. "मले", "तुले", "काहून" हे शब्द या माणसाच्या कानावर दिवसभर पडले असणार. म्हणजे इथं नक्की वऱ्हाडी नोकर सापडणार, मला माझा पूर्वज सापडणार, असा माझा अंदाज.

अंदाज चुकला. सुदामा आणि त्याचे मित्र शहरी, ग्रांथिक मराठी बोलतात आणि विनोद होतो तो त्यांच्यावरच. शिकलेल्या, पांढरपेशा, पंचांग बघून घराबाहेर पडणाऱ्या माणसांवर. म्हणजे कोल्हटकर ज्या घरांत ऊठबस करत होते त्या घरांवर. हाताशी आयता वऱ्हाडी गडी असताना त्यांनी त्याला हसण्यासाठी उभा केला नाही. याचा दुसरा अर्थही निघतो आणि तो मला टाळता येत नाही: वऱ्हाडी माणूस त्यांच्या पानांवर हसवायला नाही तसा हसायलाही फारसा नाही. कोर्टात होता, साहित्यात आला नाही.

त्यांच्यापासून निघालेली वाट मोठी आहे. राम गणेश गडकरी त्यांना गुरू मानायचे. त्यांनी 'बाळकराम' या नावानं विनोद लिहिला आणि १९१९ साली नागपूरजवळ सावनेरला शेवटचा श्वास घेतला. अत्रे गडकऱ्यांना गुरू मानायचे. अत्र्यांची 'मोरूची मावशी' (१९४७) ब्रँडन थॉमसच्या १८९२ सालच्या 'चार्लीज आंट'वरून घेतलेली, आणि ते मूळ नाटक ऑक्सफर्डला शिकणाऱ्या पोरांचंच. मित्राला बाईचा वेश चढवून मावशी म्हणून उभं करायचं, ही आयडिया मुळात हॉस्टेलची आहे, हे कुठल्याही हॉस्टेलमध्ये राहिलेल्याला पटेल.

नंतर स्पर्धा आल्या. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आणि मग गावोगावच्या एकांकिका स्पर्धा, विद्यापीठांचे युवा महोत्सव. युवा महोत्सवात प्रहसनाला दहा मिनिटं मिळतात. हे दहा मिनिटांचं घड्याळ फार मोठी भूमिका करतं, असं माझं मत आहे. तेवढ्यात माणूस उभा करायला वेळ नसतो, म्हणून शिक्का मारला जातो. टक्कल पाडलं की सावकार, चष्मा लावला की प्रोफेसर, "मले" म्हटलं की नोकर. भाषा मेकअपच्या डब्यातून निघते. मीही तेच केलं होतं, आणि माझ्यावर तर घड्याळही नव्हतं.

ज्या भाषेला हॉल हसला, तिचं वय बघा. मराठीतला आद्य गद्यग्रंथ 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटानं सिद्ध केला तो रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा जुनेपणाच्या पुराव्यांत याच काळाचे ग्रंथ पुढे केले गेले. आज मराठी भाषेचं विद्यापीठही रिद्धपूरला आहे. मी हे सगळं रूममेटला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मग तू मले साहेबाचा रोल काहून नाही देल्ला?"

वऱ्हाडीतून हसवणारे खूप झाले, त्यातला फरक मात्र लक्षात घ्यावा लागतो. यवतमाळचे कवी शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' हा एकपात्री प्रयोग करायचे. तिथं माइकसमोरचा माणूस वऱ्हाडी, गोष्ट सांगणारा वऱ्हाडी, हसायचं कुठं हे ठरवणाराही तोच. 'चला हवा येऊ द्या'मध्ये भारत गणेशपुरे बोलायला लागले तेव्हा आमच्या मेसमध्ये टीव्हीचा आवाज वाढवला जायचा. हसू तेच, पण त्यात एक "आपला माणूस" होता. (लक्ष्मण देशपांड्यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मात्र या यादीत घालू नका. तिथलं वऱ्हाड लग्नाचं आहे, बोली मराठवाड्याची. आमच्याकडचे निम्मे लोक अजून ते आपलंच समजतात.)

त्या नोकरवाल्या नाटकानंतर पुढच्या वर्षी आम्ही परत उतरलो होतो. तोवर मी हे काही वाचलेलं नव्हतं, फक्त काकांचं ते "काहून" डोक्यात होतं. या वेळी घर खेड्यातलं, सगळे वऱ्हाडी बोलणारे. कापसाचे पैसे आलेत आणि घरात प्रत्येकाला त्यातून काहीतरी हवंय, एवढीच गोष्ट. रूममेट बाप झाला होता. तालमीला पहिले आठ दिवस सगळं पडत होतं. "मले" म्हटल्यावर कुणी हसेना, कारण सगळेच "मले" म्हणत होते. विनोद दुसरीकडून आणावा लागला. बापाच्या कंजूषपणातून, आजीच्या बहिरेपणातून, मोबाइल मागणाऱ्या पोराच्या हिशेबातून. तीनदा परत लिहिलं. प्रयोगात हशे आधीपेक्षा कमी आले, उशिरा आले. आम्हाला नंबर नाही मिळाला.

काका त्या वेळी येऊ शकले नाहीत, तुरीची काढणी चालू होती. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ रूममेटनं घरी नेऊन दाखवला. सगळा पाहून झाल्यावर काका म्हणाले म्हणे, "हे तं आपलंच घर दाखवलं तुमी. यात हासाचं काय आहे?"

"आन् हे म्हणताना," रूममेट मला सांगत होता, "डोये पुसून रायले होते. हासून हासून."