कोरं कापड आणि शिंप्याची माया

कापड आटतं, हे आता कुणाला सांगून खरं वाटत नाही. दुकानात जायचं, ३२ किंवा ३४ म्हणायचं, घालून बघायचं, संपलं. पण आमच्या जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या माणसांना विचारा. नवं कोरं कापड घरी आलं की आधी रात्रभर बादलीत बुडायचं आणि मगच शिंप्याकडे जायचं. याला ‘पाण्यातून काढणं’ म्हणत. तसंच शिवलं तर पहिल्या धुण्यातच लेंगा घोट्याच्या वर, आणि घरात शिमगा!

हे आठवायचं कारण म्हणजे भाच्याची नवी ‘रॉ डेनिम’. पुठ्ठ्यासारखी उभी राहणारी, गडद निळी, एकदाही पाणी न लागलेली. सोबत सूचना अशी, की ही आटणार आहे, तेव्हा मोठं माप घ्या. म्हणजे आमचं मांजरपाटच की हो, पण कित्येक हजारांचं.

आटणं म्हणजे काय, तेही जरा बघू. मागावर ताणे ओढून धरलेले असतात, आणि ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. पाणी लागलं की खळ जाते, ताण सुटतो आणि सुती धागा फुगतो. जाड झालेल्या आडव्या धाग्यांवरून-खालून जायला उभ्या धाग्याला जास्त वळसा पडतो, म्हणून कापड आखूड होतं. त्यामुळेच कापड उंचीला जास्त आटतं. मुळीच न आटवलेलं डेनिम दहा टक्क्यांपर्यंत आटू शकतं. म्हणजे पायाची ३२ इंच उंची धुतल्यावर जेमतेम २९. कंबरही आवळते, पण ती अंगावर वापरता वापरता पुन्हा थोडी सैल होते. उंची मात्र गेली ती गेली. १६ औंसांच्या पुढचं जाड डेनिम (औंस म्हणजे एका चौरस वाराचं वजन) सुरुवातीला इतकं ताठ असतं, की दुकानात घालून बघताना खरं माप कळतच नाही.

गंमत म्हणजे या जाड निळ्या कापडाचं आपल्याशी जुनं नातं आहे. ‘डंगरी’ हा इंग्रजी शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या नोंदींत सापडतो. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड म्हणून ते नाव, अशी व्युत्पत्ती सहसा दिली जाते. पुढे अमेरिकेत याकोब डेव्हिस नावाच्या शिंप्याला मजुरांच्या विजारीच्या खिशांना तांब्याची रिबिटं मारायची कल्पना सुचली. त्याने आणि कापडाचे व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस यांनी मिळून २० मे १८७३ला तिचं पेटंट घेतलं. त्या विजारीही आटायच्याच. गिऱ्हाईक मोठं माप घ्यायचं आणि पाण्यात बुडवून अंगाबरोबर आणायचं.

ही कटकट मिटवली सॅन्फर्ड क्लुएट या माणसाने. कापड गिरणीतच यंत्रावर दाबून आधीच आटवून टाकायची त्याची युक्ती १९३०च्या सुमारास पेटंट झाली, आणि त्याच्याच नावावरून ‘सॅन्फोराइज्ड’ हा शब्द आला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांच्या कापडाच्या काठावर तो शिक्का पुढे कित्येक वर्षं दिसे.

इथे आमच्या तालुक्यांची गोष्ट सुरू होते. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाटातून कल्याणला उतरायचा. विसाव्या शतकात माळशेजच्या वाटेने माणसं उतरू लागली. माझे आजोबा त्यातलेच. लालबागच्या एका गिरणीत ते साचेखात्यात होते. दिवाळीला गावी येताना कापड घेऊन यायचे आणि बोटाने काठ दाखवून सांगायचे, “हे धुवायला नको, शिक्का आहे.” तरी आजी ते भिजवायचीच. तिचा शिक्क्यावर नाही, बादलीवर विश्वास.

आणि घोडेगावचे आमचे शिंपीकाका शिक्क्याचं कापड असो वा बिनशिक्क्याचं, आत दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचे. मराठीत त्याला ‘माया’ म्हणतात. “वाढत्या अंगाचं आहे, माया सोडलीय,” असं ते आईला सांगायचे. पोर वाढणार, कापड आटणार. या दोन्हींचा हिशेब त्या दुमडीत असायचा. वर्षाने टीप उसवायची की तीच विजार पुन्हा पायापर्यंत यायची.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. आजोबा गावी परतले. त्यानंतर काठ दाखवून काही सांगताना मी त्यांना पाहिलं नाही.

याच दशकात अहमदाबादच्या अरविंद मिलने डेनिम विणायला घेतलं. १९९५च्या सुमारास त्यांनी ‘रफ अँड टफ’ नावाची जीन्स काढली, तीही न शिवलेली! पिशवीत कापड, चेन, रिबिटं आणि मागचा पट्टा, किंमत सुमारे २०० रुपये. शिवायची गावच्या शिंप्याने. हजारो शिंप्यांमार्फत ती खपली. माझी पहिली जीन्स अशीच काकांनी शिवली. जाड शिलाईवर त्यांच्या मशीनच्या दोन सुया मोडल्या, पण माया तेवढी सोडलीच.

तयार कपडे आले आणि हा हिशेब बदलला. आटण्याची जबाबदारी पूर्वी घराची आणि शिंप्याची होती, ती गिरणीने घेतली, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर मापही माणसाकडून आकड्याकडे गेलं. आता ३२ नंबरची कंबर आपल्याला बसत नसेल तर चूक आपल्या पोटाची! आत उसवायला काही ठेवलेलंच नसतं.

म्हणून जाड कोऱ्या डेनिमच्या मागे लागलेल्या पोरांना मी नावं ठेवत नाही. आटणारं, हळूहळू अंगाचं वळण घेणारं कापड त्यांना हवंय, ते ठीकच आहे. फक्त एक सांगावंसं वाटतं. आटणं विकत मिळतं, पण माया कुणीतरी आठवणीने सोडावी लागते. तेव्हा गावात एखादा शिंपी अजून मशीनवर बसत असेल, तर उंची कमी करायला का होईना, त्याच्याकडे जा. आणि जास्तीचं कापड कापू नका म्हणावं, आत दुमडा.