बोळके, कवळी आणि चांदी : दंतपुनर्स्थापनेचा इतिहास व वाशिम परिसर

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे पटकी, प्लेग, देवी यांसारख्या साथींना साहजिकच अग्रस्थान मिळाले. दातांच्या वाट्याला मात्र इतिहासकारांचे लक्ष फारसे आलेले नाही. दात पडल्याने माणूस मरत नाही, हे त्याचे एक कारण असावे. परंतु ज्वारीची भाकरी हे ज्या प्रदेशाचे मुख्य अन्न होते, त्या वऱ्हाडात दात जाणे ही किरकोळ बाब नव्हती. प्रस्तुत लेखात वाशिम परिसराच्या संदर्भात दंतपुनर्स्थापनेच्या, म्हणजे किडलेला दात भरून काढण्याच्या आणि गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसविण्याच्या, इतिहासाचा विचार केला आहे.

येथील समाजाने दीर्घकाळ तोंड दुरुस्त करण्याऐवजी अन्न बदलले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. म्हाताऱ्या माणसासाठी भाकरी दुधात कुस्करली जाई, कण्या शिजविल्या जात आणि विड्याचे पान चघळता येत नाही म्हणून लहानशा खलबत्त्यात कुटले जाई. हा पानाचा खलबत्ता वऱ्हाडातील अनेक जुन्या घरांत आजही सापडतो. तो पाहताना प्रस्तुत लेखकास नेहमी वाटते की, दंतवैद्यकाच्या संग्रहालयात त्यास मानाचे स्थान द्यावयास हवे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हणदेखील दात जाण्यास उपाय असल्याचे गृहीत धरीत नाही. दात नसलेल्या तोंडास आपल्या भाषेने ‘बोळके’ असे जवळजवळ प्रेमाचे नाव दिले. मूल आणि म्हातारा दोघेही त्यात आले.

प्राचीन वैद्यकातील दंतोपचार

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या सुमारास आणि त्याच्या मागेपुढे सिद्ध झालेल्या आयुर्वेदीय संहितांत दंतरोगांचे वर्णन विपुल आहे. सुश्रुतसंहितेत कृमिदंत, दंतशर्करा, दंतहर्ष अशी नावे येतात. दात उपटण्याचे उपकरणही येते. मात्र वरचा दात हलत असला तरी उपटू नये, कारण अतिरक्तस्रावाने गंभीर उपद्रव होतात, असा इशारा तेथेच दिलेला आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात किडलेल्या दाताची पोकळी गूळ किंवा मेण यांनी भरून डाग देण्यास सांगितले आहे. यावरून ‘भारतात दात भरण्याची विद्या प्राचीन होती’ असा निष्कर्ष उत्साहाने काढला जातो. तो ग्राह्य वाटत नाही. येथे पोकळी भरणे हे दहनकर्माचे साधन आहे. वेदना शमविणे हा हेतू आहे, दाताचा आकार व चर्वणशक्ती परत मिळविणे हा नव्हे.

अशीच सावधगिरी कनौजच्या जयचंदाविषयी बाळगावी लागते. ११९४ मध्ये चंदावरच्या लढाईत तो मारला गेला. त्याचे प्रेत दातांवरून ओळखले गेले, असे इब्न अल-असीर नोंदवितो. पुढील लेखनात ते ‘कृत्रिम दात’ झाले. मूळ नोंद मुळाशी दुबळे झालेले दात सोन्याने बांधल्याची आहे. म्हणजे स्वतःचेच दात टिकविण्याची ती खटपट होती, आणि ती राजालाच परवडणारी होती.

कवळी, चांदी, सिमेंट

आधुनिक दंतपुनर्स्थापना युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात स्थिरावली. चांदीची भुकटी पाऱ्यात कालवून दातात भरण्याची पद्धत १८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी अमेरिकेत नेली. तिच्यावरून तेथील दंतवैद्यांत मोठा वाद पेटला. गंधकाने कठीण केलेल्या रबराने हस्तिदंत व सोने यांना हटविले आणि कवळी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १९३७ पासून ॲक्रिलिकने त्या रबराचीही जागा घेतली.

आपल्या भागात कवळी सार्वजनिक जीवनात दिसली ती सेवाग्रामला. जून १९४२ मध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार तेथे आठवडाभर राहिले. गांधीजी कवळी केवळ जेवताना लावीत आणि नंतर काढून सर्वांसमक्ष धूत असत, असे त्यांनी लिहिले आहे. ज्या वयात माणसे दात नसल्याचे लपवितात, त्या वयात कवळी हे चष्म्यासारखे साधन म्हणून उघडपणे वापरणे, ही लहान गोष्ट नव्हे.

शिक्षणसंस्थांचा क्रम पाहिला म्हणजे वाशिमचे अंतर कळते. मुंबईतील नायर दंत महाविद्यालय १९३३ चे. दंतवैद्य अधिनियम १९४८ मध्ये आला. त्याने पदवीधरांसाठी ‘अ’ विभाग आणि किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करणाऱ्या पदवीविरहितांसाठी ‘ब’ विभाग, अशी नोंदवही ठरविली. पदवीधर पुरेसे नसल्याची ती एका परीने कबुलीच होती. विदर्भातील शासकीय दंत महाविद्यालय नागपूरला १९६८ मध्ये निघाले, तेही वाशिमपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. वाशिम गाव १९०५ पर्यंत जिल्ह्याचे ठिकाण होते. त्यानंतर ते अकोला जिल्ह्यात गेले आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाले. मधल्या नव्वदाहून अधिक वर्षांत जिल्ह्याच्या दर्जासोबत येणारी रुग्णालयीन सोय येथे नव्हती. कॅप किंवा ब्रिज बसवायचा म्हणजे दात घासणे, माप घेणे, प्रयोगशाळेतून काम येणे आणि बसविणे, अशा अनेक फेऱ्या होतात. ज्याची मजुरी फेरीगणिक बुडते त्याला एका बैठकीत संपणारा उपचार परवडतो, आणि तो उपचार म्हणजे दात काढणे. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते. काही वर्षांनी कवळी सैल होते आणि डबीत जाऊन पडते. १९६५ मध्ये ब्रॉनेमार्क यांनी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवून यावर तोड काढली, पण तिची किंमत शेतमजुरासाठी नाही.

ग्रामीण भागासाठी अधिक अर्थपूर्ण ठरावी अशी पद्धत निराळीच आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात हातातील साध्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरण्याचा प्रयोग झाला. त्यास ना वीज लागते, ना ड्रिल. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. भारनियमनाच्या दिवसांत वऱ्हाडाला याहून सोयीचे दुसरे काय असणार होते? तरीही आपल्याकडे ‘दात भरला’ म्हणजे ‘चांदी भरली’ हाच शब्दप्रयोग रूढ राहिला. भारताने २०१८ मध्ये पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला संमती दिली आहे. पारा हळूहळू जाईल, शब्द मात्र बहुधा मागे राहील.

धोरणात कवळीचे स्थान अद्याप अनिश्चित आहे. केंद्राच्या २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना द्यावयाच्या साधनांत कृत्रिम दातांचा स्पष्ट समावेश आहे. राज्याच्या २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांस तीन हजार रुपये मिळतात. तिच्या उदाहरणादाखल दिलेल्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा, कमोड खुर्ची आहे, कवळी नाही. यादी करणाऱ्यांनी ती जाणीवपूर्वक वगळली असे म्हणता येत नाही. डोळे आणि कान गेले तर साधन लागते. दात गेले तर भाकरी कुस्करायची, हा जुना समज कदाचित तेथेही काम करीत असावा.