मराठवाड्यातील पशुधनाची वनस्पतिजन्य कृमिचिकित्सा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मराठवाड्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत पशुधनास अनन्यसाधारण महत्त्व आहे. देवणी व लाल कंधारी गोवंश, उस्मानाबादी शेळी आणि दख्खनी मेंढी ही या प्रदेशाची ओळख होय. बुळकांडीसारख्या साथी गोठेच्या गोठे रिकामे करीत, त्यामुळे प्रशासनाचे लक्ष त्यांकडे प्रथम गेले. जंतांनी मोठे जनावर सहसा एकाएकी दगावत नाही. ते खंगते, दूध आटते, करडांची वाढ खुंटते. ही हानी संथ असल्याने तिच्यावरील उपचारांचा इतिहासही उपेक्षित राहिला. प्रस्तुत निबंधात या उपचारपरंपरेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

परंपरा व तिची नोंद :
चरकसंहितेत विडंग म्हणजेच वावडिंग हे कृमिघ्न द्रव्यांत श्रेष्ठ मानले आहे. पळसाचे बी अर्थात पळसपापडी, कपिला, किरमाणी ओवा व कडुनिंब ही द्रव्येही याच वर्गातील. यांपैकी पळस व कडुनिंब अजिंठा-सातमाळ्याच्या परिसरात सहज आढळतात. जे बी घरातील मुलास जंतांवर दिले जाई, तेच गोठ्यातील वासरासही दिले जाई.

वसाहतकाळात वॉरिंग यांच्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ (१८६८) व डायमॉक, वॉर्डेन आणि हूपर यांच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ (१८९०–९३) या ग्रंथांनी पळसबियांच्या कृमिघ्न गुणाची दखल घेतली. पुढे रा. ना. चोप्रा यांनी ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ (१९३३) मध्ये देशी औषधींची प्रायोगिक चिकित्सा मांडली. तथापि या ग्रंथांचा मुख्य रोख मानवी रोगांवर होता. मेंढपाळ कोणत्या ऋतूत, किती वजनाच्या जनावरास किती मात्रा देतो, हे ज्ञान प्रामुख्याने मौखिकच राहिले.

संस्थात्मक पशुवैद्यक :
मुंबईत १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. मराठवाडा मात्र १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथे पशुवैद्यक महाविद्यालय परभणीस १९७२ मध्ये आले. दरम्यान जगात फेनोथायाझिन (१९३८), थायाबेंडाझोल (१९६१) व नंतर आयव्हरमेक्टिन (१९८१) ही औषधे अवतरली. ठराविक मात्रा, झटपट गुण व सुलभ वापर या गुणांमुळे ती स्वीकारली गेली आणि ते स्वाभाविकही होते. परंतु पळसपापडी मागे पडली ती परीक्षेत नापास होऊन नव्हे. गोठ्यातील जनावरांवर तिची पद्धतशीर परीक्षा क्वचितच झाली होती.

प्रतिकारशक्तीचा प्रश्न :
थायाबेंडाझोलला दाद न देणाऱ्या जंतांची नोंद जगात १९६४ मध्ये, म्हणजे औषध येऊन तीनच वर्षांत झाली. १९७० च्या दशकात भारतातील मेंढ्यांमध्येही असे जंत आढळले. एकच औषध, अपुरी मात्रा व वारंवार वापर ही त्याची प्रमुख कारणे. त्यामुळे वनस्पतिजन्य पर्यायांचा पुनर्विचार अपरिहार्य ठरला. २००० नंतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पारंपरिक कृषिज्ञानाचे देशव्यापी संकलन केले, तर पुण्याच्या ‘अंथ्रा’ संस्थेने पशुपालकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, उपचारज्ञानाचे दस्तऐवजीकरण केले.

येथे सावधगिरीही आवश्यक आहे. ‘झाडपाला म्हणजे निरुपद्रवी’ ही समजूत निराधार होय. पळसबियांतील पॅलासोनिन हे रासायनिकदृष्ट्या कँथॅरिडिन या विषारी द्रव्याचे जवळचे नातलग आहे, तर सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांस गंभीर इजा करते. म्हणून उपचारापूर्वी व नंतर शेणातील जंतांच्या अंड्यांची मोजणी करूनच गुणाचा निवाडा व्हावयास हवा.

निष्कर्ष :
वनस्पतिजन्य कृमिचिकित्सेचा ऱ्हास हा ज्ञानाच्या खंडनाचा नव्हे, तर नोंदीच्या अभावाचा इतिहास आहे. छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठात शेळ्या-मेंढ्यांच्या पट्टकृमींचे वर्गीकरण झाले; वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ (१९९८) याच शहरातून प्रसिद्ध झाला. कृमी व वनस्पती या दोहोंचा अभ्यास येथे उपलब्ध आहे. त्यांना जोडणारा दुवा वृद्ध मेंढपाळांच्या स्मरणात आहे. हा दुवा निखळण्यापूर्वी प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व इतिहास विभागांनी एकत्रितपणे त्याची नोंद व परीक्षा करणे निकडीचे ठरते.