आपलेच शेअर, आपणच गिर्‍हाईक

परवा बाबांना एका कंपनीचं बायबॅकचं पत्र आलं. "कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेते म्हणजे काय रे?" मी इंजिनियर, त्यामुळे गप्प! म्हटलं, शनिवार आहे, वाचून काढू. आणि कळलं काय, तर आपल्याकडे १९९८ पर्यंत यावर बंदीच होती.

मूळ गोष्ट इंग्लंडमधली. रॉचडेलच्या एका फ्लॅनेल बनवणार्‍या कंपनीने जवळजवळ पाव हिस्सा शेअर स्वतःच परत घेतले. पुढे कंपनी गुंडाळायची वेळ आली. एका दिवंगत भागधारकाच्या बाजूने शेअरच्या किमतीतली उरलेली रक्कम मागितली गेली. १८८७ साली 'ट्रेव्हर विरुद्ध व्हिटवर्थ' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं, मिळणार नाही. कंपनीच्या नियमावलीत परवानगी होती, तरीही नाही! कारण साधं आहे. भागधारकांची जबाबदारी मर्यादित, म्हणजे उधारी देणार्‍याचा भरवसा फक्त भांडवलावर. तेच मालकांना वाटून टाकलं तर त्याने बघायचं कुणाकडे?

आपल्या १९५६ च्या कायद्यातलं कलम ७७ हेच म्हणत होतं. कोर्टाच्या मंजुरीने भांडवल कमी करायचा लांबचा रस्ता तेवढा होता. ३१ ऑक्टोबर १९९८ पासून कलम ७७अ आलं आणि दार उघडलं, पण साखळी लावूनच. भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या २५ टक्क्यांपर्यंतच खरेदी. नंतर कर्ज या दोन्हींच्या दुपटीपेक्षा जास्त नको. घेतलेले शेअर रद्द करायचे. २०१३ च्या कायद्यात कलम ६८ मध्येही हेच आहे.

२०१७ मध्ये इन्फोसिसने पहिलं बायबॅक केलं, १३,००० कोटींपर्यंतचं. मग करखातंही जागं झालं आणि २०१९ मध्ये लिस्टेड कंपन्यांच्या बायबॅकवर २० टक्के कर बसला.

कायद्यात धनकोची काळजी आहे. छोट्या भागधारकासाठी टेंडर ऑफरमध्ये किमान १५ टक्के राखीव आहे. पण कर्मचारी? माझ्या आधीच्या कंपनीने एका वर्षी 'खर्च आवरा' म्हणून इन्क्रिमेंट अडवलं, आणि त्याच वर्षी बायबॅक जाहीर केलं. नियम एकही मोडला नव्हता. आमचा रकानाच नव्हता तिथे.

असो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेअर दिलेच नाहीत. म्हणाले, "कंपनीलाच हवेसे वाटतात, तर मी कशाला सोडू?"