निझामाचे हजार पौंड आणि क्लोरोफॉर्मचा वाद

आपल्याकडे निझामाचा विषय निघाला की तो थेट रझाकारांपाशी जाऊन थांबतो. सातव्या निझामाची ती कारकीर्द. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे मीर महबूब अली खान यांच्या काळात हैदराबादेत वैद्यकशास्त्राचा एक मोठा वाद लढला गेला, हे मराठवाड्यातही फारसे कुणाला ठाऊक नसते. मराठवाडा तर तेव्हा याच राज्यात होता.

वाद क्लोरोफॉर्मचा होता. 1847 मध्ये एडिंबरोच्या सिम्प्सनने ते भुलीसाठी वापरले आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी 1848 मध्ये, हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या नखाच्या शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताच काही क्षणांत दगावली. त्यानंतर असे मृत्यू होतच राहिले. लंडनचे डॉक्टर म्हणत, हृदय बंद पडते, नाडी धरून बसा. एडिंबरोचे म्हणत, आधी श्वास थांबतो, तेवढाच सांभाळा.

हैदराबादच्या मेडिकल स्कूलचा प्रमुख एडवर्ड लॉरी एडिंबरोच्या मताचा कट्टर पुरस्कर्ता होता. निझाम सरकारच्या खर्चाने 1888 मध्ये त्याने पहिले कमिशन नेमले. निष्कर्ष अर्थात त्याच्या मताचाच निघाला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा निझाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले : तुमचा माणूस पाठवा, स्वतः पाहा. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन आले. कुत्री, माकडे आणि इतर मिळून चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. दरवेळी श्वास आधी थांबला, हृदय नंतर. हृदयाचा धोका मानणारे ब्रंटनही लॉरीच्या बाजूला गेले. शाळेतली पारशी विद्यार्थिनी रूपाबाई फरदुनजी त्याच वर्षी ‘हकीम’ झाली. तिला जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक मानतात.

आपल्या लोकांचे लेख बहुधा इथे, अभिमानाने, संपतात. पण निष्कर्ष चूक होता. 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असतानाच अॅड्रेनलिन मिळाले, तर हृदयाचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्त पुढे जातच नाही. घाबरलेल्या माणसाच्या शरीरात अॅड्रेनलिन आपोआपच वाढते. हॅनाही घाबरलेली होती. हैदराबादेत मुख्यतः क्लोरोफॉर्म वाढवत नेऊन मारलेले प्राणी तपासले गेले, आणि तिथे श्वासच आधी जाणार होता. रुग्ण मरत होते ते भुलीच्या उंबरठ्यावर.

मधल्या वीस वर्षांत लॉरीचे ऐकून किती जणांनी नाडीवरचा हात काढला असेल, कोण जाणे. तरीही मला त्या हजार पौंडांचे मोल वाटते. शंका घेणाऱ्याला घरी बोलावून, येण्याचा खर्च देऊन, ‘तपासून पाहा’ म्हणणारे एक दरबारी सरकार होते. उत्तर चुकले, पण ते सगळे छापले गेले. त्यामुळेच पुढच्यांना ते कुठे चुकले हे शोधता आले.